बारा तालुके: वाचनालयाच्या संगणक खोलीच्या नोंदी

२७ एप्रिल

नागपुरात महालातल्या आमच्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत बारा डेस्कटॉप आहेत. २०१६ साली एकदमच घेतलेले, सगळे सहाव्या पिढीचे इंटेल. समितीनं आज ते माझ्या गळ्यात घातले. तंत्रनिकेतनात सतरा वर्षं मी प्रयोगशाळा सांभाळली हे कुणीतरी सांगितलं असणार. मुदत मे अखेरची. जूनपासून अभ्यासिकेत गर्दी होते.

विंडोज १०च्या नेहमीच्या मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबल्या. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, शिवाय इंटेल असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर. आमची मंडळी दारातच अडतात. नवीन घ्यायला पैसे नाहीत. म्हणून ठरलं ते असं: चार मशीन विंडोजवरच राहतील, टायपिंगच्या सरावापुरती, इंटरनेटची वायर काढून. बाकी आठांवर हळूहळू लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. त्यातल्या तिघांवर मागच्या वर्षी एका इंजिनिअरिंगच्या पोरानं विंडोजच्या शेजारी मिंट बसवून ठेवलंय. ते काम पाहावं लागेल.

आधी नावं दिली. भिंतींना चुना मारायच्या वेळी टेबलं हलली तेव्हा एक ते बारा आकड्यांचा पार गोंधळ झाला होता. तीन नंबरच्या तक्रारीसाठी नऊ नंबर उघडला गेला. आता प्रत्येकावर जिल्ह्यातल्या एकेका तालुक्याची चिठ्ठी: काटोल, नरखेड, सावनेर, कळमेश्वर, रामटेक, पारशिवनी, मौदा, कामठी, हिंगणा, उमरेड, भिवापूर, कुही. शहर आणि ग्रामीण वगळले की बरोब्बर बारा. मशीनच्या आतलं नावही तेच ठेवलं.

ग्रंथपाल काकांचा पहिला सल्ला: "ताई, सगळ्यांले एकदा फॉरमॅट मारून टाका ना. कटकटच नाई."

हा सल्ला मला आयुष्यभर मिळत आलाय. मी भिंतीवर एक कोरा तक्ता लावला, तीन रकान्यांचा. पडद्यावर नेमकं काय आलं, शब्दाला शब्द. केव्हापासून. त्याआधी काय बदललं. हे तीन भरल्याशिवाय फॉरमॅट नाही. काका म्हणाले, "हो जी," पण चेहरा काही पटल्यासारखा नव्हता.

२८ एप्रिल

काटोल. तक्त्यावर काकांच्या अक्षरात: "लई हळू. हँग होते."

टास्क मॅनेजर उघडून कामगिरीच्या पानावर सीपीयूखाली पाहिलं. मशीन सलग किती वेळ सुरू आहे तो आकडा तिथे असतो. २६ दिवस! काकांना दाखवलं तर ते दुखावलेच. "मी तं रोज संध्याकाळी बंद करून जातो ताई, मेन स्विचसुद्धा!"

आणि ते खरंच बंद करतात. घोळ 'फास्ट स्टार्टअप'चा. विंडोज ८पासून 'शट डाउन' म्हटलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण खालचा गाभा, म्हणजे कर्नल आणि ड्रायव्हर, आहे त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवला जातो. सकाळी तोच परत उचलतात, त्यामुळे मशीन लवकर उठतं. शटर ओढलं, पण गल्ल्यावरचा हिशेब तसाच उघडा, असला हा प्रकार. एखाद्या ड्रायव्हरनं मेमरी धरून ठेवली असेल तर ती दुसऱ्या दिवशीही धरलेलीच. 'रिस्टार्ट'मध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. बंद करून चालू केल्यानं जे जात नाही ते रिस्टार्टनं जातं, हे ऐकायला उलटं वाटतं, काकांना अजूनही वाटतं.

रिस्टार्ट केला, काटोल चालायला लागला. मग कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन बाराही मशीनवर फास्ट स्टार्टअपची खूण काढली. सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, लागू दे.

३० एप्रिल

सावनेर. "उजव्या कोपऱ्यात पाच व्हायरस सापडले म्हणून येते. लाल." शाब्बास, शब्दाला शब्द लिहिलंय.

हा व्हायरस नाही. कुणीतरी उत्तरतालिका शोधताना एका साइटवर गेलं, तिनं सूचना दाखवायची परवानगी मागितली, आणि पोरानं घाईत 'अलाऊ' दाबलं. तेव्हापासून ती साइट ब्राउजरमार्फत कोपऱ्यात घाबरवणाऱ्या चिठ्ठ्या टाकून राहिली. ब्राउजरच्या सेटिंगमध्ये, साइटच्या परवानग्यांत, सूचनांची यादी उघडली तर एकोणीस नावं निघाली. सगळी उडवली आणि सूचना मागायलाच बंदी केली. अँटिव्हायरसनं एकदा खात्री केली, काही सापडलं नाही.

कुणी त्या चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन केला होता का, हे विचारलं. एकानं केला होता म्हणे. समोरच्यानं मशीनचा ताबा घेणारा प्रोग्राम उतरवायला सांगितला, तेवढ्यात लाईट गेली. आमच्या गल्लीतल्या लाईटचे उपकार मी पहिल्यांदाच मानले.

२ मे

प्रिंटर. रांगेत ११ कामं, एकही हलत नाही, रद्दही होत नाही. बाहेर हॉल तिकिटाची प्रत काढायला सहा जण उभे.

स्पूलरची, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी, सेवा थांबवली, विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरात स्पूल, त्याच्या आत प्रिंटर्स, तिथल्या फाइली पुसल्या, सेवा पुन्हा सुरू केली. पहिलंच काम ४ एप्रिलचं, ३१२ पानांचं पीडीएफ, कुणी तरी सोडून गेलेलं. त्याच्यामागे सगळा महाल अडला होता.

४ मे

उमरेड. पडद्यावर: "तुमचं कनेक्शन खाजगी नाही." हे सगळ्याच साइटवर. केव्हापासून: सकाळपासून. त्याआधी काय बदललं: "काही नाही."

काका नेटवाल्याला फोन लावायच्या बेतात होते. मी म्हटलं, आधी घड्याळ बघा. कोपऱ्यात १ जानेवारी २०१६.

प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर दोन तारखा असतात, अमुक दिवसापासून तमुक दिवसापर्यंत वैध. ब्राउजर आपल्या मशीनचं घड्याळ पाहतो. मशीन २०१६त आहे आणि प्रमाणपत्र दोन महिन्यांपूर्वीचं, म्हणजे ब्राउजरच्या लेखी ते अजून जन्मालाच आलेलं नाही. तो दार लावून घेतो, आणि बरोबरच करतो.

घड्याळ हाताने लावलं तर साइट उघडल्या. पण मेन स्विच बंद-चालू केला की पुन्हा २०१६. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२, मीटर लावला तर ३ व्होल्टच्या जागी २.१. आता यातली गंमत. मेन सुरू असला की बंद मशीनलाही बोर्डावर थोडा वीजपुरवठा राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं. आमचे काका गेली कित्येक वर्षं रोज रात्री खोलीचा मेनच पाडतात (शॉर्ट सर्किटची भीती, ती चूक म्हणता येत नाही). म्हणजे रोज रात्रीचे बारा तास घड्याळ बॅटरीच्या जिवावर. उमरेड पहिला गेला, बाकी अकरा त्याच रांगेत आहेत.

बर्डीच्या बाजारातून डझनभर बॅटऱ्या आणल्या. एकेक खोलून बदलल्या. झाडलोट करणाऱ्या मामांनी झाकणं काढून दिली आणि स्क्रू वाटीत ठेवले. वाटी नीट सांभाळली गेली, फक्त शेवटी दोन स्क्रू जास्तीचे उरले.

७ मे

रामटेक. "दुपारी आपोआप बंद होते. गरमीनं."

तिसऱ्या रकान्यात कुणी तरी कारणच लिहून ठेवलंय. खरं तर मलाही ते पटलं. बाहेर रस्त्यावरचं डांबर बुटाला चिकटतंय, खोलीत एक कुलर, तोही वाळ्याचे ताटवे सुकले की नुसती गरम हवा फेकतो. दुपारी बंद पडणारं मशीन म्हणजे ऊनच, आणखी काय.

रामटेक उघडला, ब्लोअर मारला. धुळीचा जो लोट निघाला तो पाहून मामा बाहेर पळाले. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवीन लावली. तापमान मोजलं, ५८. झक्कास.

८ मे

दीड वाजता रामटेक बंद पडला.

९ मे

दीड वाजता रामटेक बंद पडला. तापमान ५५ होतं, मी समोरच बसले होते. पडदा निळा झाला नाही, झटक्यानं काळाही झाला नाही. "बंद होत आहे" असं दोन क्षण दिसलं आणि शांतपणे विझला. तापलेलं मशीन असं निरोप घेऊन जात नाही.

दोन दिवस मी काकांच्याच रस्त्यानं गेले. स्वतःच्या तक्त्यातला पहिला रकाना मी रिकामाच ठेवला होता, 'गरमी' एवढंच वाचून.

आता इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची घडामोडींची नोंदवही. विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टम. इथे तीन आकडे ओळखीचे असावे लागतात. ४१, कर्नल-पॉवर, म्हणजे मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं: वीज गेली, अडकलं, किंवा तापून मेलं. ६००८, म्हणजे मागचं बंद होणं अनपेक्षित होतं. आणि १०७४. हा आकडा फक्त तेव्हा येतो जेव्हा कुणीतरी रीतसर बंद करायला सांगितलेलं असतं, आणि त्या नोंदीत कुठल्या प्रोग्रामनं, कुठल्या खात्याच्या नावानं सांगितलं तेही लिहिलेलं असतं.

रामटेकमध्ये ४१ एकही नाही. १०७४ मात्र रोज, १:३०:००ला, सेकंदासकट. प्रोग्राम: शटडाउन. खातं: 'वाचनालय'.

ऊन घड्याळ बघून येत नसतं, एवढं तरी माझ्या पहिल्याच दिवशी डोक्यात यायला हवं होतं.

ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा टास्क शेड्युलर उघडला. शेकडो कामांच्या यादीत वरच्याच पातळीवर एक एकाकी नाव: 'जेवण'. तयार केल्याची तारीख २०१९ची. रोज दुपारी १:३०, सक्तीनं, शून्य सेकंदांत बंद. अट: 'वाचनालय' हे खातं सुरू असेल तरच.

काकांना हाक मारली. ते बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत राहिले आणि मग हसायलाच लागले. "हे तं आमच्या आधीच्या सरांचं! ते दीडला घरी जेवाले जात, तीनला येत. हे मशीन त्यांच्या टेबलावर होतं जी." सर निवृत्त झाले, मशीन चुन्याच्या वेळी पोरांच्या खोलीत आलं. पोरं 'विद्यार्थी' खात्यातून बसत, म्हणून इतकी वर्षं 'जेवण' झोपून राहिलं. एप्रिलमध्ये कुणी तरी 'विद्यार्थी'चा पासवर्ड बदलला, कुणाला आठवेना, आणि काकांनी सगळ्यांना 'वाचनालय' उघडून द्यायला सुरुवात केली.

तिसरा रकाना तिथेच होता. पासवर्ड हरवला, हा त्यांच्या मते संगणकाचा बिघाड नव्हता, म्हणून लिहिला नाही.

'जेवण' पुसलं. 'विद्यार्थी'ला नवीन पासवर्ड दिला. काकांनी तो तक्त्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला, मोठ्या अक्षरात. असू दे, त्या खात्यात लपवण्यासारखं काही नाही. 'वाचनालय'चा मात्र बदलला आणि तो लिहिलेला नाही.

१२ मे

मौदा. हा त्या तीन जोड-मशीनपैकी एक. "विंडोजमधे घड्याळ मागे. लिनक्समधे बरोबर." काका आता बॅटरीतज्ज्ञ झालेत, त्यांनी आपणहून बॅटरी काढून पाहिली होती.

बॅटरी गेली तर घड्याळ २०१६त जातं. हे किती मागे आहे? दुपारचे चार वाजलेत, विंडोज दाखवतंय साडेदहा. साडेपाच तास, ना मिनिट इकडे ना तिकडे. साडेपाच तासांचा फरक दिसला की भारतात तरी पुढं शोधायची गरज नसते.

बोर्डावरच्या घड्याळात नुसती वेळ असते, ती कुठली वेळ ते लिहिलेलं नसतं. विंडोज समजतं की ती इथली, भारतीय वेळ आहे. लिनक्स समजतं की ती ग्रीनविचकडची जागतिक वेळ आहे आणि दाखवताना साडेपाच तास मिळवतं. मिंटनं रात्री जागतिक वेळ लिहून ठेवली, सकाळी विंडोजनं तीच इथली समजून वाचली. दोघंही खरं बोलतायत, घड्याळ मधे मार खातंय.

मिंटच्या टर्मिनलवर टाइमडेटसीटीएलची एक ओळ दिली: बोर्डावरची वेळ स्थानिक समज. ती ओळ दिल्यावर मिंट इशारा देतं की उन्हाळी वेळ बदलणाऱ्या देशांत यानं घोळ होतो. आपल्याकडे वर्षभर एकच वेळ, त्यामुळे तो इशारा वाचून पुढे गेले.

जाता जाता याच मौद्याची दुसरी तक्रार मिटली, खरं तर आपोआपच. मिंटमधून डी ड्राइव्ह उघडायचा, पण त्यात काही साठवता येत नसे. काटोलचाच भाऊ: फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज ड्राइव्हला अर्धवट झोपेत सोडून जायचं, आणि दुसऱ्याच्या झोपलेल्या ड्राइव्हवर लिहायला मिंट तयार होत नसे. २८ तारखेला खूण काढली तेव्हाच हे सुटलं होतं, पोरांनी पुन्हा करूनच पाहिलं नव्हतं.

१५ मे

आज मशीन एकही बिघडलं नव्हतं, तरी पूर्ण दिवस गेला.

एक आजोबा पेन ड्राइव्ह घेऊन आले. त्यांच्या भजनी मंडळाचा सात वर्षांचा जमाखर्च आणि अभंगांचा संग्रह, दीडशेवर पानं. घरचा संगणक गेला, म्हणून कळमेश्वरवर उघडलं. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. "फाइल करप्ट झाली म्हणते नातू. गेलं का हो ताई सगळं?"

मी वरची ओळ मोठी करून वाचली. यू, के, एक्स, आय, डब्ल्यू, जे. हे मला तोंडपाठ आहे, प्रयोगशाळेत इतकी वर्षं पाहिलंय. म्हटलं, "आजोबा, इथे 'नागपूर' लिहिलंय." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पिंगळ्याची पोरगी आहे.

कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. फाइलमध्ये इंग्रजी 'यू' असतो, फाँट त्याच्या जागी 'न'चं चित्र काढतो. 'के' म्हणजे काना, 'एक्स' म्हणजे ग, 'आय' म्हणजे प, 'डब्ल्यू' म्हणजे दीर्घ ऊकार, 'जे' म्हणजे र. फाँट नसला की चित्र जातं आणि खालची इंग्रजी उघडी पडते. मजकूर जसाच्या तसा शाबूत.

फाँट टाकला आणि पानं उजळली. आजोबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

पण मी तिथे थांबले नाही. पुढच्या मशीनवर पुन्हा हेच होणार. म्हणून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षर मराठीच साठवणाऱ्या पद्धतीत, नेऊ म्हटलं. बदलणारे प्रोग्राम मिळतात, काम मिनिटाचं, तपासणी दिवसभराची. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते, कारण उच्चार नंतर. जोडाक्षरापुढे वेलांटी आली की प्रोग्राम अडखळतो आणि ती भलत्याच अक्षराच्या डोक्यावर बसवतो. रफाराचं तेच, उलट बाजूनं. आणि आपला खास मराठी अर्धा र: 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'तऱ्हा'. अर्ध्याहून जास्त ठिकाणी त्याचा साधा रफार झाला होता. 'दुसर्या' असं छापलेलं पुस्तक मी बाजूला ठेवते, अभंगात तर कसं सोडू? शोधा-बदलानं जमेल तेवढं केलं, बाकी आजोबा बोट ठेवून वाचत गेले आणि मी दुरुस्त करत गेले. इनस्क्रिप्ट कळफलकावर या ऱ्याला स्वतःची कळ आहे, शिफ्ट धरून 'जे', मग हलन्त. हे त्यांना कागदावर लिहून दिलं.

चाळीस पानं झाली. आजोबा दर शुक्रवारी येणार आहेत. निघताना पिशवीतून संत्रा बर्फीचा डबा काढून टेबलावर ठेवला. मी नको म्हणायच्या आत काकांनी उघडला.

१९ मे

भिवापूर. "चालू व्हायला वीस मिनिट. डिस्क १००." काकांची शेजारची टीप: "आतातरी फॉरमॅट?"

डिस्क १०० टक्के दिसली की बहुतेक वेळा दोषी असतात ते मागे चालणारे अपडेट, शोधाची अनुक्रमणिका, अँटिव्हायरसची तपासणी. ती नावं टास्क मॅनेजरमध्ये दिसतात. भिवापूरमध्ये मात्र वाचन-लेखन सेकंदाला अर्धा एमबीसुद्धा नाही, तरी डिस्क १००वर. म्हणजे ती काम करत नाही, एकाच जागी डोकं आपटून राहिली. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्क' या नावानं ७ क्रमांकाच्या नोंदींची माळ: खराब ब्लॉक. स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती, आकडेवारी काढली. १९७ क्रमांक, म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहणारे सेक्टर: ८८. अशा डिस्कवर हा आकडा शून्यच बरा.

इथे दोन गोष्टी करायच्या नव्हत्या. फॉरमॅट, आणि चेकडिस्क. मरायला टेकलेल्या डिस्कला पूर्ण तपासणी करायला लावणं म्हणजे धाप लागलेल्या माणसाला सेमिनरी हिल्सची टेकडी चढायला लावणं. आधी आतलं बाहेर काढायचं. पेन ड्राइव्हवरून मिंट सुरू केलं आणि डीडीरेस्क्यू लावला. तो आधी सहज वाचता येतं ते उचलतो, अडलेले तुकडे बाजूला ठेवतो आणि शेवटी त्यांच्याकडे वळतो. मधेच थांबला तर कुठवर आलो हे त्याच्या नोंदवहीत राहतं, हे महत्त्वाचं, कारण आमच्याकडे लाईट दोनदा गेली.

२० मे

सकाळपर्यंत जवळजवळ सगळं निघालं. सदस्यांची यादी, देणगी पावत्या, २०१७पासूनचे फोटो. काही किलोबाइट गेले, त्यात नेमकं काय होतं ते अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

२४० जीबीची एसएसडी बसवली, तिच्यावर कोरं मिंट. ४० सेकंदांत भिवापूर लॉगिनपर्यंत येतो. काका मागे उभे राहून पाहत होते.

"म्हणजे शेवटी फॉरमॅटच मारला ना ताई?"

२२ मे

कामठी. मिंटमध्ये पासवर्ड टाकला की पडदा चमकतो आणि पुन्हा पासवर्डच विचारतो. चुकीचा म्हणतही नाही.

चुकीचा म्हणत नाही, हाच धागा. कंट्रोल-अल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन केलं तर आत गेले. डिस्कवरची जागा दाखवणारी डीएफ ही आज्ञा चालवली: मुख्य विभाग १०० टक्के भरलेला. लॉगिन करताना दोन-चार छोट्या फाइली लिहाव्या लागतात, त्यालाही जागा नाही, म्हणून परत दारात. जागा खाल्ली होती टाइमशिफ्टनं. मागे जाता यावं म्हणून तो मशीनच्या छायाप्रती ठेवतो, आणि त्या पोरानं त्या त्याच विभागात ठेवायला लावल्या होत्या. जुन्या पुसल्या, आठवड्याला एक आणि जास्तीत जास्त दोन, असं बांधून दिलं.

पारशिवनीतही हेच व्हायच्या बेतात होतं, ९४ टक्के. तिथेही केलं.

२५ मे

आजपासून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस. खोली एक ते चार बंद ठेवायचं ठरलं.

नरखेड दुपारी साडेबाराला पडला. मी तक्त्याकडे न जाता आधी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये गेले. १०७४ नाही, ४१ आहे. टास्क शेड्युलर साफ. तापमान: सुरू केल्यापासून दहा मिनिटांत ९६. मशीन भिंतीला पाठ चिकटवून उभं, मागचा पंखा भिंतीतच हवा फेकतोय, आणि ती भिंत पश्चिमेची. वीतभर पुढे ओढलं, ब्लोअर मारला, ७१वर आलं.

काका काही बोलले नाहीत. तक्त्यावर नरखेडपुढे मोठ्या अक्षरात 'गरमी' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

२८ मे

हिंगणा. नेट नाही. पत्ता १६९.२५४नं सुरू होत होता, म्हणजे राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. वायरचं टोक उंदरानं कुरतडलेलं. नवीन टोक लावलं. मिंट चढवलं. आठापैकी सात झाले, टायपिंगची चार तयार.

३० मे

उरलेला कुही. सकाळी मी यायच्या आधीच तक्ता भरलेला होता, तिन्ही रकाने, काकांच्या अक्षरात:

"पडद्यावर: नो सिग्नल. काळा. खाली मशीनचा दिवा चालू, पंख्याचा आवाज येतो. केव्हापासून: आज सकाळी साडेनऊ. त्याआधी काय बदललं: काल मामांनी मागून झाडलं तेव्हा मॉनिटरची वायर निघाली. मी लावली. मागे दोन जागा आहेत, एक उभी, एक आडवी खाली. मी उभीत लावली."

कुहीत वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, चित्र त्याच्या आडव्या जागेतून येतं. आडवीत लावली.